क्रीममधले तेल आणि पाणी कोण धरून ठेवते, आणि त्याची त्वचेला भीती किती?

मॉइश्चरायझरच्या खोक्यामागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. मोबाइलमधल्या अ‍ॅपला बारकोड दाखवला की घटकांची यादी हिरव्या, पिवळ्या आणि लाल ठिपक्यांसह समोर येते, आणि लाल ठिपके अनेकदा पीईजी-१०० स्टिअरेट, सिटेअरेथ-२०, पॉलिसॉर्बेट ६० अशा नावांपुढे दिसतात. ही नावे उच्चारायला अवघड आहेत, ऐकताच कारखाना डोळ्यांसमोर येतो, आणि त्यांचा उपयोग काय हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नसते. ग्लिसरीन ओलावा धरते, सुगंध वासासाठी असतो, जीवनसत्त्वाचे नाव जाहिरातीतच ऐकलेले असते. पण पीईजी, सिटेअरेथ, पॉलिसॉर्बेट या मंडळींमुळे त्वचा मऊ होते असा दावा उत्पादकही करत नाही. मग ही इमल्सिफायर म्हणवणारी मंडळी तिथे असतात कशाला?

याचे पहिले उत्तर सोपे आहे : ती नसतील तर ट्यूबमधून क्रीम येणार नाही, वर तेल आणि खाली पाणी येईल. दुसरे उत्तर जाहिरातीत सांगितले जात नाही आणि भीती घालणाऱ्या व्हिडिओंतही नीट सांगितले जात नाही. ज्या गुणामुळे हे पदार्थ तेल आणि पाणी एकत्र बांधतात, त्याच गुणामुळे त्यांच्यापैकी काही त्वचेला त्रास देऊ शकतात. उपयोग आणि उपद्रव यांचे मूळ एकच असल्याने ‘सुरक्षित की घातक’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

तेल आणि पाणी वेगळे का होतात

पाण्याच्या रेणूचा एक भाग किंचित धनभारित आणि दुसरा किंचित ऋणभारित असतो, त्यामुळे पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. तेलाच्या रेणूंवर असा भार जवळजवळ नसतो, म्हणून पाणी त्यांना आपल्यात सामावून घेत नाही. बाटलीत दोन्ही घालून जोरात हलवले तर तेलाचे थेंब होतात खरे, पण बाटली खाली ठेवली की ते एकमेकांत मिसळून मोठे होतात, वर चढतात, आणि थोड्याच वेळात तेलाचा थर पुन्हा वेगळा दिसू लागतो.

यामागे पृष्ठभागाचा हिशेब आहे. एक मिलिलिटर तेलाचा एकच गोल थेंब केला, तर त्याचा पृष्ठभाग पाच चौरस सेंटिमीटरपेक्षा थोडा कमीच भरतो. तेच तेल एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा व्यास असलेल्या थेंबांत विभागले, तर सगळ्या थेंबांचा मिळून पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो. शंभर मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये वीस मिलिलिटर तेल इतके बारीक केलेले असेल, तर आतला एकूण पृष्ठभाग १२० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३०० चौरस फूट झाला. तेल आणि पाणी जिथे भिडतात ती प्रत्येक जागा ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते, आणि म्हणून हा तेराशे चौरस फुटांचा पसारा शक्य तितक्या लवकर आवरण्याकडे मिश्रणाचा कल असतो.

एका द्रवाचे बारीक थेंब दुसऱ्या द्रवात टिकून राहिले की त्या मिश्रणाला इमल्शन म्हणतात. मराठी विज्ञानग्रंथांत त्याला ‘पायस’ म्हटलेले आढळते. दूध हे पाण्यात विखुरलेल्या स्निग्धांशाचे इमल्शन आहे, आणि लोणी बरोबर उलटे, म्हणजे स्निग्धांशात अडकलेल्या पाण्याच्या थेंबांचे. साय घुसळता घुसळता एका क्षणी लोण्याचा गोळा वर येतो आणि ताक सुटते, तेव्हा पहिल्या प्रकाराचे इमल्शन उलटून दुसऱ्या प्रकारात गेलेले असते. त्वचेवरच्या उत्पादनांतही हेच दोन प्रकार आहेत. हलकी लोशने आणि बहुतेक मॉइश्चरायझर ‘पाण्यात तेल’ या प्रकारची असतात, ती चटकन पसरतात आणि चटकन धुतली जातात. जाड कोल्ड क्रीम आणि पाण्याला दाद न देणारी काही सनस्क्रीन ‘तेलात पाणी’ या प्रकारची असतात, ती चिकट लागतात पण टिकून राहतात.

मध्ये उभा राहणारा रेणू

थेंबांना एकत्र येऊ न देता टिकवून धरणाऱ्या पदार्थाला इमल्सिफायर म्हणतात. त्याच्या रेणूचे एक टोक, म्हणजे त्याचे डोके, पाण्यात रमते आणि त्याची लांब शेपूट तेलात रमते. दोन घराण्यांत पिढीजात अबोला असावा, आणि गावात एकच माणूस असा असावा की ज्याची बहीण एका घरात दिलेली आहे आणि दुसऱ्या घरातली मुलगी ज्याच्याकडे सून म्हणून आलेली आहे, तर कार्यप्रसंगी त्याला कुठे उभे करतात ते सांगायला नको. इमल्सिफायरचे रेणूही तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती असेच सीमेवर उभे राहतात : शेपूट आत तेलात, डोके बाहेर पाण्यात.

तिथे उभे राहिल्याने सीमेवरचा ताण कमी होतो आणि तेलाचे बारीक थेंब करायला कमी शक्ती लागते. परंतु थेंब करणे हे काम एक वेळ मिक्सरही करू शकतो. ते वेगळे ठेवणे अवघड असते. काही इमल्सिफायरांच्या डोक्यावर विद्युतभार असतो, आणि सारखाच भार ल्यालेले थेंब एकमेकांना दूर लोटतात. काहींच्या डोक्यावर भार नसतो, पण पाणी शोषून फुगलेल्या लांब साखळ्या असतात, आणि त्यांच्या अडथळ्यामुळे दोन थेंब एकमेकांना भिडू शकत नाहीत. पीईजी-१०० स्टिअरेट किंवा सिटेअरेथ-२० या नावांतला आकडा या साखळीतल्या दुव्यांची सरासरी संख्या सांगतो. पॉलिसॉर्बेटच्या पुढचा आकडा मात्र वेगळा असतो; तो शेपटीत कोणते स्निग्धाम्ल आहे हे दाखवतो, जसे ६० म्हणजे स्टिअरिक आणि ८० म्हणजे ऑलिइक. या आकड्यांवरून पदार्थ किती ‘तीव्र’ आहे हे ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. तसा त्यांचा अर्थ नाही.

घट्टपणाचा भागही महत्त्वाचा आहे. थेंब किती वेगाने वर चढेल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. थेंब दहापट लहान केला तर त्याचा वेग शंभरपट कमी होतो, आणि भोवतालचा द्रव घट्ट असेल तर त्याहूनही कमी. म्हणून बहुतेक क्रीममध्ये सिटिअरिल अल्कोहोल घातलेले असते. नावात अल्कोहोल असले तरी हा त्वचा कोरडी करणारा स्पिरिट नव्हे, तो मेणासारखा पांढरा घन पदार्थ आहे. इमल्सिफायरच्या जोडीने तो पाण्यात एकावर एक पापुद्र्यांसारखे थर रचतो आणि थेंब त्या थरांत अडकून पडतात. ‘अल्कोहोल-फ्री’ क्रीमच्या यादीत हे नाव दिसल्यावर फसवणूक झाली असे अनेकांना वाटते, पण तशी ती झालेली नसते.

कोणता इमल्सिफायर कोणत्या कामाचा, याचे ढोबळ मोजमाप अ‍ॅटलस पावडर कंपनीतले विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ साली मांडले. रेणूचा पाण्याकडे ओढा जास्त की तेलाकडे, हे शून्य ते वीस अशा मापावर मोजायचे. साधारण ३ ते ६ आकड्याचे पदार्थ ‘तेलात पाणी’ प्रकाराला चालतात आणि ८ ते १८ आकड्याचे ‘पाण्यात तेल’ प्रकाराला. सॉर्बिटन ओलिएटचा आकडा ४.३ आहे आणि पॉलिसॉर्बेट ८० चा १५. प्रत्यक्षात एकच पदार्थ पुरत नाही. थोडा इकडे ओढणारा आणि थोडा तिकडे ओढणारा अशी जोडी घातली की सीमेवरची रांग जास्त दाट बसते. यादीत या जातीची दोन-तीन नावे दिसतात ती यामुळे. ‘रसायनांचा भडिमार’ केल्यामुळे नव्हे.

जुन्या कृतींत काय होते

रोमन साम्राज्यातला वैद्य गॅलेन याच्या नावावर इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातली कोल्ड क्रीमची कृती सांगितली जाते : मधमाश्यांचे मेण, तेल आणि गुलाबपाणी. त्यात खराखुरा इमल्सिफायर नसल्याने पाणी फार काळ धरून राहत नसे. त्वचेवर लावल्यावर ते सुटून उडून जाई आणि गारवा देई, म्हणून नाव कोल्ड क्रीम. पुढे या कृतीत बोरॅक्स आला. मेण आणि तेल सुमारे सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, तितक्याच गरम पाण्यात बोरॅक्स विरघळवून ते त्यात ओतायचे आणि ढवळायचे; पिवळसर, पारदर्शक तेल पाहता पाहता दुधासारखे पांढरे होते. मेणातल्या आम्लांची बोरॅक्सशी क्रिया होऊन भांड्यातच साबण तयार झालेला असतो, आणि तो साबणच इमल्सिफायर असतो. पांढरेपणा बाहेरून घातलेल्या रंगाचा नसतो, असंख्य थेंबांवरून विखुरलेल्या प्रकाशाचा असतो.

व्हॅनिशिंग क्रीमही याच वाटेने आले. स्टिअरिक आम्लाच्या काही भागाचा अल्कलीने साबण करायचा आणि उरलेले आम्ल त्या साबणाच्या आधाराने पाण्यात विखुरायचे. आपल्याकडे त्याला स्नो म्हणत; मुंबईत १९१९ साली सुरू झालेला ई. एस. पाटणवाला यांचा अफगाण स्नो जुन्या पिढीला अजून आठवतो. आजीच्या काळातली क्रीम सौम्य आणि आताची रासायनिक, असे सर्रास बोलले जाते, त्याच्याशी ही माहिती ताडून पाहावी. साबणावर आधारलेले क्रीम अल्कधर्मी असते, तर आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण पाचच्या आसपास सामू असलेला असतो. आज ज्यांची नावे वाचून धडकी भरते ते भाररहित इमल्सिफायर आम्लधर्मी मिश्रणातही नीट काम करतात, आणि त्या बाबतीत जुन्या साबणापेक्षा त्वचेला अधिक मानवतात.

त्वचेवर तोच गुण

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, शरीराच्या बहुतेक भागावर अवघा दहा ते वीस मायक्रॉन जाडीचा असतो. त्यात मृत पेशी असतात, आणि पेशींच्या मधल्या जागेत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त स्निग्धाम्ले यांचे रचून ठेवलेले थर असतात. शरीरातले पाणी बाहेर उडून जाऊ नये आणि बाहेरचे पदार्थ आत जाऊ नयेत, ही जबाबदारी मुख्यत्वे या स्निग्ध थरांची. आता इमल्सिफायरला काय आवडते ते आठवावे : एका बाजूला स्निग्ध पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला पाणी. तेलाचा थेंब कोणाचा आणि त्वचेतले सिरॅमाइड कोणाचे, हा भेद त्याला कळत नाही. काही इमल्सिफायर या थरांत घुसून त्यांची रचना सैल करतात, काही त्यातला अंश विरघळवून बाहेर काढतात, आणि विद्युतभार असलेले काही पेशींमधल्या केराटिन या प्रथिनाला चिकटून त्याला फुगवतात.

परंतु सगळे सारख्याच प्रमाणात नाही. सोडियम लॉरिल सल्फेट हा लहान, ऋणभारित आणि चपळ रेणू आहे. त्वचेला त्रास देण्यात तो इतका भरवशाचा आहे की प्रयोगशाळेत मुद्दाम दाह निर्माण करायचा असेल तेव्हा संशोधक त्याचाच वापर करतात. उलट लांब साखळ्यांचे भाररहित इमल्सिफायर आकाराने मोठे असतात, थेंबाच्या सीमेवर घट्ट बसतात आणि प्रथिनांना फारसे चिकटत नाहीत. लेसिथिनसारखे पदार्थ तर आपल्या पेशींच्या आवरणात असतात त्याच जातीचे. ‘इमल्सिफायर’ हे कामाचे नाव आहे, पदार्थाचे नाही. एकाच्या दोषावरून सगळ्या जातीला धरणे चूक, आणि एकाच्या सौम्यपणावरून सगळ्यांना सोडणेही चूक.

अ‍ॅक्वियस क्रीमने शिकवलेला धडा

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधले आहे. ब्रिटिश औषधसंहितेतले अ‍ॅक्वियस क्रीम तिथे अनेक दशके एक्झिमाच्या (इसबाच्या) रुग्णांना, विशेषतः लहान मुलांना, सर्रास लिहून दिले जाई. ते स्वस्त होते, त्यात सुगंध नव्हता, औषधही नव्हते. पॅराफिन, पाणी, परिरक्षक (क्रीम खराब होऊ न देणारा पदार्थ) आणि इमल्सिफायिंग वॅक्स, एवढेच. या वॅक्समध्ये सोडियम लॉरिल सल्फेट असल्याने तयार क्रीममध्ये त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या जवळपास भरे.

एक टक्का ही मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक इन्ग्रेडिएंट रिव्ह्यू या तज्ज्ञमंडळाने १९८३ साली म्हटले होते की सोडियम लॉरिल सल्फेट लावून लगेच धुतल्यास सुरक्षित आहे, आणि त्वचेवर दीर्घकाळ राहणाऱ्या उत्पादनात ते एक टक्क्याहून जास्त नसावे. म्हणजे कागदावर हे क्रीम मर्यादेतच होते. तरीही शेफील्डच्या बालत्वचारोग विभागातल्या मुलांच्या नोंदी २००३ साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा अ‍ॅक्वियस क्रीम लावल्याच्या निम्म्याहून अधिक प्रसंगी चुरचुरणे, आग होणे अशा तत्काळ तक्रारी आढळल्या. इतर मलमांबाबत हे प्रमाण त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास होते. २०१० साली बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांच्या हातांवर हे क्रीम चार आठवडे लावून पाहिले, आणि बाहेरचा थर सरासरी सुमारे बारा टक्क्यांनी पातळ झाल्याचे व त्वचेतून पाणी उडण्याचे प्रमाण वाढल्याचे नोंदवले. हा अभ्यास अवघ्या सहा जणांवर झालेला होता, त्यामुळे बारा या आकड्याला फार चिकटून राहू नये. पण दिशा कोणती होती ते स्पष्ट होते. अखेर २०१३ च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या औषधनियामक संस्थेने डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना कळवले की एक्झिमा असलेल्या काही रुग्णांना, विशेषतः मुलांना, या क्रीमने दाह होऊ शकतो आणि त्याचे कारण सोडियम लॉरिल सल्फेट असण्याचा संभव आहे.

माझ्या मते या प्रकरणात दोष पदार्थाचा जितका, तितकाच वापराच्या पद्धतीचा होता. साबणाऐवजी लावून धुऊन टाकण्यासाठी हे क्रीम अनेकांना चाललेही असते. परंतु ते अंगावर तासन्‌तास ठेवले गेले, दिवसातून अनेकदा लावले गेले, आणि तेही अशा त्वचेवर की जिचा स्निग्ध थर आधीच दुबळा होता. निरोगी प्रौढाच्या हातावर चाचणी करून ठरवलेली मर्यादा एक्झिमा असलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या गालाला लागू होईलच असे नाही.

‘पण यात कर्करोगकारक द्रव्ये असतात ना?’

नावात पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) किंवा शेवटी ‘-एथ’ असलेल्या इमल्सिफायरांवरचा मुख्य आक्षेप हा आहे, आणि तो हवेतला नाही. या साखळ्या इथिलीन ऑक्साइड वायूपासून बनवतात. हा वायू जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत आहे. साखळी तयार झाल्यावर तो तसाच उरत नाही, त्याची क्रिया होऊन गेलेली असते. पण प्रक्रियेत १,४-डायऑक्सेन नावाचा उपपदार्थ अल्प प्रमाणात तयार होतो, आणि तो याच संस्थेच्या ‘२ ब’ गटात, म्हणजे कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत मोडतो. तो कोणी मुद्दाम घालत नाही, म्हणून घटकांच्या यादीत त्याचे नाव दिसत नाही.

कच्चा माल निर्वात अवस्थेत तापवून डायऑक्सेन बऱ्याच अंशी काढून टाकता येतो. युरोपीय आयोगाच्या ग्राहक-सुरक्षा वैज्ञानिक समितीने २०१५ साली दहा लाख भागांत दहा भागांपर्यंतचा अंश ग्राहकाला सुरक्षित मानला. न्यूयॉर्क राज्याने कायद्याने सौंदर्यप्रसाधनांसाठी हीच मर्यादा घातली, आणि साबण-शांपूसारख्या धुण्याच्या उत्पादनांसाठी तर दहा लाखांत एक भाग. म्हणजे प्रश्न इमल्सिफायर वापरला की नाही हा नसून, उत्पादकाने तो किती शुद्ध करून घेतला हा आहे. हे शुद्धीकरण करायला खर्च येतो, आणि ग्राहकाला खोक्यावरून ते केले की नाही हे कळत नाही. ही तक्रार रास्त आहे.

ट्रायइथॅनॉलअमाइन या दुसऱ्या बदनाम नावाचेही असेच. स्टिअरिक आम्लाशी मिळून ते साबणासारखा इमल्सिफायर देते. त्याची विशिष्ट नायट्रोजनयुक्त पदार्थांशी गाठ पडली तर नायट्रोसअमाइन तयार होऊ शकतात, म्हणून युरोपात त्वचेवर ठेवायच्या उत्पादनांत त्याला अडीच टक्क्यांची मर्यादा आहे आणि तशा पदार्थांसोबत ते वापरण्यास बंदी आहे.

याच ठिकाणी प्रमाणाचे भान ठेवण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या देशात क्रीममुळे माणसे खरोखर आजारी पडल्याची जी ठळक प्रकरणे अलीकडे पुढे आली, त्यांत इमल्सिफायर नव्हते, पारा होता. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्या रुग्णांत मूत्रपिंडाचा विकार आढळल्याचे सांगितले. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची उत्पादने वगळता इतरांत नकळत आलेला पाराही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. ज्या क्रीमवर उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही आणि आठवड्यात रंग उजळण्याची हमी आहे, ते विकत घेऊन पॉलिसॉर्बेटची काळजी करण्यात अर्थ नाही.

‘पोटाला वाईट, मग त्वचेतून रक्तात गेले तर?’

२०१५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात पॉलिसॉर्बेट ८० आणि कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज हे पदार्थ उंदरांना पाण्यातून दिल्यावर आतड्यातल्या जिवाणूंत बदल आणि सौम्य दाह दिसला होता. तेव्हापासून खाद्यपदार्थांतल्या इमल्सिफायरांबद्दल चर्चा सुरू आहे, आणि ती व्हायलाच हवी. पण तो निष्कर्ष क्रीमला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण आतड्याचे काम पदार्थ आत घेण्याचे आहे आणि त्वचेचे काम त्यांना बाहेर ठेवण्याचे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) जड रेणू अखंड त्वचेतून सहसा पार होत नाहीत, हा त्वचाशास्त्रातला ढोबळ नियम आहे. पॉलिसॉर्बेट ८० चे वजन १३०० डाल्टनच्या आसपास आहे. सोडियम लॉरिल सल्फेटचे २८८. त्रासदायक कोण आणि सौम्य कोण, याचा या आकड्यांशी थोडा मेळ बसतो.

या नियमातला ‘अखंड’ हा शब्द मात्र नजरेआड करू नये. भाजलेली, सोललेली किंवा खाजवून ओरबाडलेली त्वचा हा भिंतीतला मोकळा दरवाजा असतो, आणि तिथे काय लावायचे हे जाहिरात वाचून ठरवू नये. शिवाय इमल्सिफायर स्वतः आत गेला नाही तरी थर सैल करून दुसऱ्या पदार्थाला वाट देऊ शकतो. औषधी मलमांत या गुणाचा मुद्दाम उपयोग करून घेतात.

पावसाळ्यात छाती-पाठीवर शिबे उठणाऱ्यांना आणखी एक आक्षेप ऐकू येतो, की पॉलिसॉर्बेट त्या बुरशीचे खाद्य आहे. मॅलासेझिया ही बुरशी स्वतः स्निग्धाम्ले बनवू शकत नाही आणि प्रयोगशाळेत तिला वाढवताना पॉलिसॉर्बेट घालतात, इथपर्यंत खरे आहे. परंतु काचेच्या बशीतली वाढ आणि त्वचेवरचा आजार यांत बरेच अंतर आहे. त्वचेवर तिला आपले स्वतःचे तेल मुबलक मिळतच असते.

‘मग नैसर्गिकच घेतलेले बरे नाही का?’

लॅनोलिन हा मेंढीच्या लोकरीतून मिळणारा मेणासारखा पदार्थ शंभर टक्के नैसर्गिक आहे आणि ‘तेलात पाणी’ प्रकाराचा जुना, भरवशाचा इमल्सिफायर आहे. अमेरिकेतल्या संपर्कदाह तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ सालचा ‘अ‍ॅलर्जेन ऑफ द इयर’ म्हणून त्याचीच निवड केली. बहुतेकांना तो काहीही करत नाही, एक्झिमा असलेल्या काहींना मात्र करतो. घरगुती कृतींत अजून सुचवला जाणारा बोरॅक्स हाही खनिज म्हणून जमिनीतूनच निघतो, पण प्रजननावरील परिणामांच्या कारणावरून युरोपात सौंदर्यप्रसाधनांतून तो हद्दपार झाला आहे. ऑलिव्हच्या नावाने विकला जाणारा सिटिअरिल ऑलिव्हेट चांगला आणि सौम्य इमल्सिफायर आहे, पण तोही कारखान्यातल्या भट्टीतच तयार होतो, झाडावर लागत नाही.

शतधौत घृताचा दाखला इथे हमखास दिला जातो. तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याने शंभर वेळा धुतले की त्याचा पिवळा रंग आणि वास जातो आणि पांढरे, लोण्यासारखे हलके मलम उरते. वेगळा इमल्सिफायर न घालताही त्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब तुपाच्या अर्धघन जाळ्यात अडकून राहतात. कोकणात आणि घाटावर भाजल्यावर किंवा टाचा फुटल्यावर ते लावणारी घरे आजही आहेत. त्याची कृती सुंदर आहे यात शंका नाही. परंतु ज्यात पाणी आले त्यात जिवाणू आणि बुरशी वाढण्याची सोय झाली, आणि घरी केलेल्या मलमात परिरक्षक नसतो. ते थोडे करावे, लवकर संपवावे आणि बोट बुडवून वापरू नये. घरच्या घरी लोशन बनवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पॉलिसॉर्बेट जास्त घातले तर त्याचे रेणू पॅराबेनसारख्या परिरक्षकाला आपल्या पुंजक्यांत ओढून घेतात, आणि पाण्यात जिवाणू मारायला तो पुरेसा उरत नाही.

‘इमल्सिफायर-फ्री’ असे लिहिलेल्या क्रीममध्येही सीमेवर कोणीतरी उभे असतेच. कधी ते पाण्यात फुगणारे बहुवारिक (पॉलिमर) असते, कधी झिंक ऑक्साइडसारखे सूक्ष्म घन कण असतात. घन कणांनी थेंब टिकवण्याची युक्ती रॅम्सडेन आणि पिकरिंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच नोंदवली होती, तेव्हा त्यात नवे फारसे नाही. इमल्सिफायर खरोखरच नको असेल तर पाणीच नको : पेट्रोलियम जेलीत पाणी नसते, म्हणून तिला इमल्सिफायर लागत नाही आणि परिरक्षकही लागत नाही. एक्झिमा असलेल्या मुलांसाठी त्वचारोगतज्ज्ञ चिकट वाटणारी मलमे सुचवतात त्यामागे हेही एक कारण आहे.

खोके हातात घेतल्यावर

भारतातल्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने. त्यामुळे यादीच्या शेवटच्या भागातल्या क्रमावरून काही ठरवता येत नाही, पण सुरुवातीच्या भागावरून येते. अंगावर ठेवायच्या क्रीममध्ये सोडियम लॉरिल सल्फेट दिसले आणि त्वचा कोरडी, संवेदनशील किंवा एक्झिमाची असेल, तर दुसरे क्रीम घ्यावे. तेच नाव फेसवॉशवर दिसले तर एवढे घाबरायचे कारण नाही, कारण ते अर्ध्या मिनिटात धुतले जाते. आणि सोबत सौम्य घटक असतील तर त्यांच्याशी जमून त्याचा उपद्रवही कमी होतो. सोडियम लॉरेथ सल्फेट हे नाव त्याच्यासारखे दिसते, पण तो वेगळा आणि तुलनेने सौम्य पदार्थ आहे.

नवे क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून पाहिल्यास बऱ्याच गोष्टी कळतात. लावल्यावर काही मिनिटांत चुरचुरले तर तो बहुधा दाह असतो. लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, सूज आली तर अ‍ॅलर्जीचा संशय घ्यावा, आणि तेव्हा संशयाची सुई आधी सुगंधाकडे आणि परिरक्षकाकडे वळवावी, कारण इमल्सिफायरपेक्षा अ‍ॅलर्जी त्यांची अधिक आढळते. खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात. पट्ट्या दोन दिवस ठेवून काढतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. त्या तपासणीला जाताना वापरातल्या प्रत्येक उत्पादनाचे खोके सोबत न्यावे. ट्यूब बहुतेक जण नेतात, पण घटकांची पूर्ण यादी अनेकदा फक्त खोक्यावर असते, आणि ते पहिल्याच दिवशी रद्दीत गेलेले असते.